डिस्चार्ज कार्डावर दुसरा आठवडाही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चावा जुळवण्यासाठी जबडा कापून पुढे-मागे सरकवण्याची शस्त्रक्रिया करून रुग्ण घरी जातो, तेव्हा त्याच्या हातात एक कागद दिला जातो. त्यावर गोळ्यांच्या वेळा, 'पातळ आहार' हे दोन शब्द आणि पुढच्या तपासणीची तारीख एवढंच असतं. रुग्ण अडतो ते या कागदात नसलेल्या गोष्टींपाशी.

दुखण्याची भीती सगळ्यांनाच असते, पण बहुतेकांना ते धरलं होतं त्यापेक्षा कमी जाणवतं. ओठ, हनुवटी आणि गालाच्या संवेदना नेणाऱ्या नसा या शस्त्रक्रियेत ताणल्या जातात, त्यामुळे सुरुवातीला चेहरा बराचसा बधिर असतो. जास्त छळतात त्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी: चोंदलेलं नाक, भुलीच्या नळीने खवखवणारा घसा, फाटलेले ओठ, नकळत गळणारी लाळ. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. हे आधी सांगितलेलं नसेल तर घरचे घाबरून रात्री अपरात्री दवाखाना गाठतात. पहिले दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून २० मिनिटं ठेवावा, २० मिनिटं काढावा. बधिर कातडीला थंडीचा चटका कळत नाही, म्हणून घड्याळ लावूनच. झोपताना डोकं ३० अंश उंच असावं.

आता पातळ आहार. वरचे-खालचे दात रबर बँडने किंवा तारांनी एकमेकांशी बांधलेले असले की तोंड उघडत नाही. ६० मिलीच्या सिरिंजच्या टोकाला मऊ रबरी नळी लावायची, ती गालाच्या आतून शेवटच्या दाढेमागच्या फटीपर्यंत न्यायची आणि रुग्णाला ताठ बसवून एका वेळी पाच-दहा मिली सोडायचं. गिळून झालं की पुढचं. एक ग्लास संपायला अर्धा तास लागला तरी हरकत नाही. घाई केली की ठसका लागतो. मिक्सरमधून काढलेलं अन्न बारीक गाळणीतून गाळायलाच हवं. भाजीचा एखादा धागा सिरिंजच्या तोंडाशी अडकतो, पाजणारा जोर लावतो, धागा सुटतो आणि उरलेलं सगळं एकदम घशाशी येतं. असं दोनदा झालं की रुग्ण सिरिंज बघूनच मान फिरवतो.

दिवसभर पातळ सूप आणि रस पाजत राहिलं तर पोट भरतं, पण ताकद मिळत नाही. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं धरली, तर ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम लागतात. त्यासाठी दुधात दूध पावडर किंवा प्रोटीन पावडर घालावी, सूपमध्ये लोणी घालावं आणि दर दोन तासांनी थोडं थोडं द्यावं. लघवी गडद झाली तर पाणी कमी पडतंय. सगळं कोमटच असावं. बधिर ओठ भाजला तरी कळत नाही, म्हणून आधी मनगटावर थेंब टाकून पाहावा. आणि गोळ्या सरसकट कुटू नयेत. सावकाश विरघळणारी गोळी कुटली की तिचं सगळं औषध एकदम अंगात जातं. डॉक्टरांकडून पातळ औषध लिहून घ्यावं.

वरचा जबडा कापताना सायनस, म्हणजे नाकाशेजारच्या हाडांतल्या पोकळ्याही उघडतात, म्हणून डॉक्टर सांगतील तोपर्यंत नाक शिंकरायचं नाही आणि शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची. उलटी झाली तर पुढे वाकावं; पोटात पातळच असल्याने ते दातांच्या फटींतून बाहेर येतं. तरीही रबर बँड असतील तर छोटी कात्री आणि तारा असतील तर वायर कटर उशाशी हवाच. नेमकं काय कापायचं, हे घरच्यांनी दवाखान्यातून निघण्याआधी बोट ठेवून विचारून घ्यावं. रबर बँड कोणत्या दातावरून कोणत्या दातावर जातो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. चुकीच्या दातावर लावला तर चावा तिरका ओढला जातो.

साधारण आठव्या-दहाव्या दिवशी रडू येऊ लागतं, आणि याबद्दल कोणीच आधी बोललेलं नसतं. सुजेसाठी दिलेली स्टेरॉइड्स थांबलेली असतात, पोटात धड अन्न नसतं, झोप तुटक असते, बोलता येत नाही, भेटायला येणारे ओसरलेले असतात. त्यात आरशातला चेहरा ओळखीचा वाटत नाही. वरचा ओठ फुगलेला, नाकाचं टोक वर उचललेलं, हसायला जावं तर ओठ हलत नाहीत. 'कशाला केलं मी हे?' हा प्रश्न इतक्या जणांना पडतो की तो सुजेइतकाच अपेक्षित धरावा. बरीचशी सूज महिन्याभरात उतरते, उरलेली उतरायला सहा महिने ते वर्ष लागतं. तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत रूपाचा निकाल लावू नये. रोज आरशापुढे उभं राहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात एक फोटो काढावा. घरच्यांनी 'किती वेगळा दिसतोस' हे वाक्य गिळावं. उदासी दोन आठवड्यांहून लांबली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. खाणंपिणं सुटलं किंवा जगू नये असं वाटू लागलं तर त्याच दिवशी.

बधिरपणात मुंग्या किंवा विजेसारख्या कळा येऊ लागल्या तर सहसा नस जागी होत असते. याला महिने लागतात, आणि काहींच्या खालच्या ओठावर वा हनुवटीवर बधिरपणा कायमचा राहतो. ही गोष्ट संमतीपत्रावर सही घेण्याआधी सांगायची असते, नंतर समजूत म्हणून नाही.

सर्वांत फसवा असतो चौथा आठवडा. दुखत नाही, भूक लागलेली असते, समोर पोळी दिसते. पण हाड पुरेसं सांधायला साधारण सहा आठवडे लागतात. टायटॅनियमच्या पट्ट्या हाड जागेवर धरतात. चावण्याचा पूर्ण जोर त्यांच्यावर पडला तर स्क्रू सैल होतो आणि चावा पुन्हा बिघडतो. नाकातून न थांबणारं रक्त, ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, उतरत आलेली सूज पुन्हा चढणं किंवा दात एकाएकी न जुळणं, यांपैकी काहीही झालं तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.

हे सगळं एका पानात मावतं. शल्यविभागांनी ते छापावं आणि दहाव्या दिवशी रुग्णाच्या घरी एक फोन करावा. रुग्णाला बोलता येत नसेल, म्हणून फोन घरच्यांना. आणि ताप, रक्त विचारून झाल्यावर झोप लागते का, रडू येतं का, हेही विचारावं.

आपली,
जबडा-शल्यविभागातील एक परिचारिका