मामाचं पंपिंग ३५ का?

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

हार्ट अटॅकमध्ये मामा आणि काका, दोघांचीही हृदयाची वाहिनी शंभर टक्के बंद होती, मग काकांचं पंपिंग (म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते) ५५ आणि मामाचं ३५ कसं, असं तू विचारलंस. फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून लिहितेय.

शंभर टक्के म्हणजे वाहिनी बंद, एवढंच. ती कुठे बंद झाली ते बघ. मामाची एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या अंगावरून उतरणारी डावी वाहिनी, अगदी उगमापाशीच बंद झाली. डाव्या कप्प्याची पुढची भिंत, हृदयाचं टोक, मधल्या पडद्याचा मोठा भाग, सगळं तिच्यावर जगतं. काकांची उजवी वाहिनी बरीच खाली अडली होती. तिच्यापुढे स्नायू थोडाच होता.

शिवाय वेळ. आपण नुसते बसलेलो असतानाही हृदय आलेल्या रक्तातला जवळजवळ ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतं, त्यामुळे गाठीला काही उरत नाही. रक्त थांबलं की मिनिटाभरात तिथला स्नायू आखडायचा थांबतो आणि साधारण २० ते ३० मिनिटांनी पेशी मरू लागतात. सगळ्या एकदम नाही. मोठ्या वाहिन्या हृदयाच्या बाहेरच्या अंगावरून जातात. आतल्या थराला रक्त शेवटी पोचतं आणि दाबही त्याच्यावरच जास्त. म्हणून नुकसान आतून सुरू होतं आणि तासातासाने बाहेर सरकतं. रायमर आणि जेनिंग्स यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. काका तासाभरात दवाखान्यात होते. मामा रात्रभर ॲसिडिटीच्या गोळ्या चघळत बसला. माझ्या मते खरा फरक तिथेच पडला.

तरी मामाची भिंत पुरती गेली नाही. त्याच्या अँजिओग्राफीची सीडी नीट बघ: उजव्या वाहिनीत डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडल्यावर थोड्या वेळाने बंद पडलेल्या एलएडीचं टोक उलट्या बाजूने, फिकट, भरत येतं. वाहिन्यांना आपसांत जोडणाऱ्या बारीक फांद्यांमधून ते रक्त येतं. सगळ्यांच्यात त्या इतक्या नसतात. नशीब, दुसरं काय!

आणि ३५ हा आकडा अजून पक्का नाही. रक्त परत सुरू झालं तरी जिवंत राहिलेला काही स्नायू काही दिवस, कधी काही आठवडे, सुन्न पडून राहतो. दीड महिन्याने परत इको (हृदयाची सोनोग्राफी) करू. तोवर मामीला 'आता इतकंच राहणार' असं कुणी सांगू नका. आणि स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही, हे मामाला तूच दटावून सांग. माझं तो ऐकत नाही.

तुझी,
आई