मंडळीत मोटिव्हेशन वाढतंय, देवावरची भिस्त कुठे गेली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात आत्मविश्वास, सकारात्मक विचार, स्वतःला घडवा अशा विषयांवरचे लेख नेहमी येतात आणि माझी त्याला काही हरकत नाही, अभ्यास करणाऱ्या पोरांना, मुलाखतीला घाबरणाऱ्यांना त्याचा आधार वाटत असेल तर चांगलंच आहे. पण हीच भाषा आता ख्रिस्ती सेवेतही शिरलीये, उपदेशात, तरुणांच्या शिबिरात, सेवकांच्या ट्रेनिंगमध्ये, आणि ती एवढी बिनबोभाट शिरलीये की कोणाला खटकतही नाही. मी बरीच वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सेवा करतेय म्हणून मनापासून लिहितेय, जागा असेल तर छापा.

मध्यंतरी अशाच एका ट्रेनिंगला बसले होते. बोलायला आलेल्या भावांनी सगळ्यांना उभं केलं, छातीवर हात ठेवायला सांगितला आणि "मी करू शकतो, माझ्यात ताकद आहे" असं मोठ्याने म्हणायला लावलं, आणि मागे पडद्यावर बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं चौथ्या अध्यायाचं तेरावं वचन, पण अर्धंच! "मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे" एवढंच. त्याच्या आधीचं "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून" हे गाळलेलं. मुद्दाम गाळलं असं मी म्हणत नाही, पण सगळा जीव तर त्यातच आहे ना. आणि त्याच्या वरचं बारावं वचन तर कोणी वाचून दाखवतच नाही, त्यात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की पोट भरलेलं असो की उपाशी, भरपूर असो की टंचाई, कसं राहायचं ते मी शिकलोय. हे लिहिताना तो माणूस बेड्यांत होता, सुटका होणार की जीव जाणार तेही ठरलेलं नव्हतं, आणि अशा माणसाचं वचन आपण टार्गेट गाठायला वापरतो.

माझ्या शेजारी संडे स्कूल घेणारी एक ताई उभी होती, नवरा कित्येक महिने अंथरुणाला खिळलेला, घर, दवाखाना, मुलं सगळं तिच्यावर. ती ते वाक्य म्हणालीच नाही, खाली बसली. नंतर मला म्हणाली, "मला एवढंच म्हणायचं होतं की माझ्यात ताकद उरली नाही, पण तिथे ते म्हणायची सोयच नव्हती." मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. दुसरीकडे कुठे नाही तर निदान मंडळीत तरी माणसाला "माझ्याच्यानं होत नाही" असं म्हणता आलं पाहिजे की नको? शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या सुवार्तेची, सुरुवातच तिथून होते. रोमकरांस पत्रात सरळ लिहिलंय की आपण दुर्बळ असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, आपण आधी स्वतःला सावरलं आणि मग तो आला असं नाही.

आता ते नेहमीचं वाक्य, जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो. हे मी व्यासपीठावरून वचन म्हणून सांगितलेलं ऐकलंय. बायबल उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत चाळलं तरी हे कुठेही सापडणार नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ च्या आपल्या पंचांगात ते छापलं आणि तिथून ते इंग्रजी बोलणाऱ्या जगात पसरलं, कल्पना त्याहूनही जुनी, इसापाच्या गोष्टीतली. व्यवहारात ते वाक्य ठीक असेल, पण देवाच्या तोंडी घालू नये.

हा वादही काही आजचा नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाचा एक साधू शिकवायचा की माणूस मनावर घेईल तर स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो, आणि उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन त्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षं लिहीत राहिला की देवाच्या कृपेशिवाय पहिलं पाऊलसुद्धा पडत नाही. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली. पण ती शिकवण गोड आहे, म्हणून नव्या कपड्यात परत येते. १९५२ मध्ये सकारात्मक विचारांच्या सामर्थ्यावरचं नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचं पुस्तक अमेरिकेत प्रचंड खपलं आणि पील हे स्वतः न्यूयॉर्कमधले पाळक (पास्टर) होते, म्हणजे ही विचारसरणी नुसती बाहेरून आलेली नाही, आपल्याच पुलपिटवरूनही बोलली गेलीये. राइनहोल्ड नीबूरसारख्या धर्मशास्त्र्यांनी तेव्हाच त्यावर टीका केली होती. पीलच्याच वाटेने अमेरिकेतलेच दुसरे पाळक रॉबर्ट शुलर गेले, त्यांचं कॅलिफोर्नियातलं काचेचं भव्य क्रिस्टल कॅथीड्रल १९८० मध्ये उभं राहिलं, टीव्हीवरून जगभर दिसलं, आणि २०१० मध्ये त्याच संस्थेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, पुढे ती इमारत रोमन कॅथलिक धर्मप्रांताने विकत घेतली. दिवाळखोरीला कारणं बरीच असतात, त्यावरून कोणाचा विश्वास मापू नये असं माझं ठाम मत आहे. पण मग यशावरूनही मापू नका ना! बिल्डिंग मोठी झाली की देवाचा आशीर्वाद म्हणायचं आणि कर्ज झालं की मॅनेजमेंट चुकलं म्हणायचं हे कसं चालेल.

यावर लोक लगेच विचारतात, मग काय हातावर हात ठेवून बसायचं का? अजिबात नाही. उलट देवावर भिस्त ठेवणाऱ्यांची चरित्रं बघा, त्यांच्याइतकं राबलेलं कोणी सापडणार नाही. इंग्लंडमध्ये सेवा केलेले पाळक जॉर्ज म्युलर घ्या. १८३० मध्ये त्यांनी ठरलेला पगार घेणं सोडलं, कारण तो चर्चमधल्या बाकांच्या भाड्यातून यायचा आणि पैसेवाल्यांना पुढची जागा, गरिबांना मागची, हे त्यांना पटेना. १८३६ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये भाड्याच्या घरात अनाथाश्रम सुरू केला, आणि १८९८ मध्ये ते वारले तोवर दहा हजारांच्या आसपास मुलं त्या आश्रमांतून वाढली होती. पैशासाठी कोणा माणसाकडे हात पसरायचा नाही आणि कर्ज काढायचं नाही हा त्यांचा नियम. कोणी म्हणेल दरवर्षी अहवाल छापायचे म्हणजे मागितल्यासारखंच झालं की. पण १८४१ च्या अखेरीस हातात पैसा अगदीच कमी असताना त्यांनी वार्षिक सभा आणि अहवाल मुद्दाम पुढे ढकलला, आपली अडचण बघून लोकांनी द्यावं असा इशारासुद्धा जायला नको म्हणून. आज कुठली संस्था असं करेल? सगळे उलट अडचणीच्या वेळीच अपील काढतात. आणि हेच म्युलर हिशोबाला इतके चोख की देणगीदाराला नंबर घातलेली पावती मिळायची, त्याने ती अहवालाशी ताडून बघावी म्हणून. प्रार्थना आणि पावतीपुस्तक त्यांच्या एकाच टेबलावर होतं, दोन्हींत भांडण नव्हतं.

आपल्या पंडिता रमाबाईंनी म्युलर, चीनमध्ये सेवा केलेले हडसन टेलर आणि पॅसिफिकमधल्या न्यू हेब्रिडीज (आताच्या वानुआतू) बेटांवरचे जॉन पेटन या तिघांबद्दल वाचलं आणि त्यांना प्रश्न पडला की असा भरवसा इथे भारतात का ठेवता येऊ नये, हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या, केडगावच्या आपल्या मुक्ती मिशन आश्रमात त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. ही बाई आळशी होती असं कोण म्हणेल? स्वतःच्या पायावर उभं करणं हे काम त्यांनी केलंच, पण त्या मुलींना "तुझ्यातच सगळं आहे" असं सांगून नाही केलं, जिच्याकडे काहीच नव्हतं तिला आधी पदराखाली घेतलं.

प्लॅनिंग, ट्रेनिंग, टाइम मॅनेजमेंट याला माझा विरोध नाही हे इथेच सांगते. बायबलमध्ये मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, कामं वाटून द्यायला शिकवलं, यरुशलेमचा कोट बांधताना नहेम्याने प्रार्थना पण केली आणि पहारा पण बसवला, पौल करिंथात तंबू शिवून पोट भरायचा. आणि दुसऱ्या टोकाचा प्रकारही मला तितकाच चुकीचा वाटतो, तयारी न करता उपदेशाला उभं राहायचं आणि पवित्र आत्मा देईल म्हणायचं, किंवा आजाऱ्याला औषध बंद करायला सांगायचं. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं सैतानाने येशूला सांगितलं तेव्हा येशूने ते नाकारलं, देवाची परीक्षा पाहू नको म्हणाला.

पण सेवकांचं काय होतंय ते बघा. सेल्फ-हेल्पच्या हिशोबात मंडळी वाढली नाही तर दोष सेवकाचा, त्याचं व्हिजन लहान, त्याची एनर्जी कमी. मग तो अजून एक सेमिनार करतो, अजून पहाटे उठतो, आकडे दाखवत राहतो आणि एक दिवस आतून कोसळतो, आणि तेव्हाही त्याला सांगायला कोणी नसतं कारण पाळकाने खचायचं नसतं असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. बायबलच्या शास्ते पुस्तकात लढाईला निघालेल्या गिदोनाकडे बत्तीस हजार माणसं होती, देवाने ती आधी दहा हजारांवर आणि मग तीनशेवर आणली, कारण आम्ही आमच्या हाताने वाचलो अशी बढाई इस्राएलने मारू नये. कुठल्या लीडरशिप कोर्समध्ये हे बसेल? आणि संदेष्टा एलीया खचून मरण मागत झुडपाखाली झोपला तेव्हा देवदूताने त्याला लेक्चर दिलं नाही, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. खचलेल्या सेवकाशी कसं वागायचं हे त्या एका प्रसंगात सगळं आहे.

गंमत नाही, खरं सांगते, १९३५ मध्ये सुरू झालेली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ लोक सेल्फ-हेल्प गट म्हणूनच ओळखतात, पण तिच्या बारा पायऱ्यांतली पहिलीच पायरी म्हणजे दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करणं, आणि दुसरी म्हणजे आपल्याहून मोठी शक्ती आपल्याला सावरू शकते हे मानणं. दारू सोडू पाहणारा माणूस जे एका मीटिंगमध्ये मोठ्याने बोलू शकतो ते विश्वासी माणसाला मंडळीत बोलता येऊ नये याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून सेवकांची शिबिरं ठरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पडद्यावर वचन टाकाल तर पूर्ण टाका, वेळापत्रकात प्रार्थनेला दोन सेशनच्या मधली उरलेली पाच मिनिटं देऊ नका, आणि एक तरी तास असा ठेवा जिथे थकलेल्याला थकलोय म्हणता येईल आणि बाकीचे सल्ला न देता त्याच्यासाठी गुडघे टेकतील. आणि संपादक महोदय, तुम्हालाही एक विनंती, मोटिव्हेशनच्या लेखांबरोबर कधीतरी ज्याला सध्या काहीच जमत नाहीये त्याच्यासाठी पण एखादा लेख छापा, आमच्याकडचे जुने जाणते पाळक लिहायला तयार होतील, हवं तर मी स्वतः त्यांना विचारते.

कळावे,
आपली विश्वासू,
मंडळीत सेवा करणारी एक वाचक