जास्तीचं ताट

क्राकूव, पोलंड, २७ डिसेंबर २०२४

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आधी आईसाठी. थंडी आहे, पण घर गरम असतं आणि मी नीट जेवतो. फोनवर आवाज बसलेला वाटला तो सर्दीने. नाताळात खोलीत एकटा पडून होतो हे काकूंना कुणी सांगितलं? चोवीसच्या रात्री घरमालकीणबाईंकडे जेवायला होतो. मार्गशीर्षाचं म्हणशील, तर इथं त्या रात्री मटण-कोंबडी चालतच नाही. मासा मात्र होता, तेवढं देवीला सांगून ठेव.

बाबा, हे धर्मात ओढायचं नव्हतं. त्यांनी बायबलातली येशूजन्माची गोष्ट वाचली, मी हात जोडून बसलो, संपलं.

त्या जेवणाला विगिलिया म्हणतात. आकाशात पहिली चांदणी दिसली की बसायचं. टेबलक्लॉथखाली थोडं वाळलेलं गवत, कारण बाळ येशू गव्हाणीत निजला होता. आधी ओप्वातेक, म्हणजे कागदासारखी पातळ पापडी. प्रत्येकाने दुसऱ्याच्या हातातल्या पापडीचा तुकडा मोडून खायचा आणि त्याचं भलं चिंतायचं. मग बिटाचं सार, कार्प मासा, खसखशीचं गोड. एकूण बारा पदार्थ.

पण खरं सांगायचंय ते ताटाचं. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, वाटसरू दारात आला तर त्याच्यासाठी. येशूच्या आई-बापांना, मरिया-योसेफांना, त्या रात्री कुणी जागा दिली नव्हती ना. मला वाटलं, ते माझंच. बसायला गेलो तर बाईंनी दंड धरून उठवलं! मी आमंत्रित, माझं ताट वेगळं. ते ताट न सांगता येणाऱ्याचं. मग कोण येतं, विचारलं. कुणीच नाही म्हणाल्या, आजवर एकदाही नाही. तरी दरवर्षी काटा-चमच्यासकट मांडतात. काही घरी ते गेलेल्या माणसांचंही असतं, आपल्याकडे पितरांचं पान वाढतात तसं.

मला हे जरा सोयीचं वाटलं, खोटं कशाला बोलू. ताट मांडायचं आणि दार बंद. पण नाताळाआधीच्या रविवारी इथल्या मोठ्या चौकात बेघरांना, गरजूंना गरम जेवण वाढतात. एका हॉटेलवाल्याने पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वी सुरू केलं. ऑफिसातल्या पोरांबरोबर मीही गेलो. (माझ्या हातात डाव होता, वाडगा नव्हे.) रांगेत इस्त्रीचा कोट घातलेल्या म्हाताऱ्या होत्या. त्यांना सारापेक्षा बोलायला माणूस हवं होतं, आणि माझं पोलिश म्हणजे तुम्हाला माहीतच आहे.

मी कोल्हापूरचा म्हटल्यावर घरमालकीणबाईंच्या सासऱ्यांनी एकदम आपल्या जवळच्या गावाचं नाव घेतलं, "वळिवडे!" त्यांच्या नात्यातल्या एक बाई लहानपणी तिथल्या छावणीत होत्या. १९४३ ते ४८, पाचेक हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका-मुलं, रशियात हद्दपार होऊन सुटून आलेली. बाबा, महावीर गार्डनमधला त्यांच्या आठवणीचा तो स्तंभ तुम्ही दाखवला होतात तेव्हा मी भेळेसाठी रडत होतो. त्या रात्री मात्र मी त्या घरचा जावई असल्यासारखे मला वाढत होते.

आता कामाचं. बँकेत साठ हजार टाकलेत. हप्ता भागवून उरतील ते आजीच्या डोळ्याला. मोतीबिंदू उन्हाळ्यापर्यंत लांबवू नका. सांगलीच्या स्थळाचा फोटो पाठवा, पण शब्द देऊ नका. मे महिन्यात येतो म्हणालो होतो, ते आता गणपतीवर जातंय. रजेचं अवघड आहे, तिकीटही महाग. रागावू नका.

दिवाळीला ताई आली नाही आणि तुम्ही दोघं नि आजी असे तिघंच जेवलात, हे मला तिच्याकडून कळलं. फोनवर तर "घर भरलंय" म्हणत होतात. वरच्या मजल्यावरचे गुरुजी एकटेच असतात, त्यांना संक्रांतीला जेवायला सांगा. इथून हुकूम सोडणं सोपं आहे, कळतं मला. तरी सांगा.

तुमचा,
संदीप

ता. क. साठातले पाच हजार आईचे आहेत. बाबा, ते घरखर्चात धरू नका.