समुद्रपक्षी पाहायचे तर सकाळी या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर पावसाळ्यात कोकणातल्या कुठल्यातरी पुळणीवर दमलेला पक्षी सापडतो आणि ‘दुर्मिळ परदेशी पाहुणा’ म्हणून त्याची बातमी होते. त्यांतला ब्रायडल्ड टर्न हा सुरयांच्या कुळातला. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर त्याच्या विणीच्या जुन्या नोंदी आहेत. पाहुणा कसला, शेजारीच तो! शिवाय हे पक्षी पुळणीवर पडेपर्यंत थांबायची गरज नाही. जून ते ऑगस्टमध्ये रत्नदुर्ग, विजयदुर्ग, देवगड पाहायला येणाऱ्यांच्या समोरूनही ते जाऊ शकतात. पण मंडळी कड्यावर पोचतात ती सूर्यास्त बघायला, आणि तिथेच चुकते.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी उजेड पाठीमागून येतो, पक्ष्याच्या पाठीचा रंगसुद्धा कळतो. चारनंतर समोर नुसता चकाकता पत्रा आणि त्यावर काळे ठिपके. उजाडल्यापासूनचे दोन तास सर्वांत चांगले. दोन-तीन दिवस समुद्राकडून जोराचा वारा सुटून मग पाऊस उघडला, की ती सकाळ झोपण्यात घालवू नये. खोल समुद्रावरचे पक्षी तेव्हा किनाऱ्याकडे ढकलले गेलेले असतात.

कडा फार उंच नको. २५ मीटरवरून क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर असते, पण टर्नएवढा पक्षी ओळखू येतो तो फार तर किलोमीटरभर. जास्त उंचावरून तो खालच्या करड्या लाटांत हरवतो. १५-२० मीटर पुरे. तटाच्या किंवा बुरुजाच्या आडोशाला बसून पाहावे, कारण उभ्याने दुर्बीण हलते. ८×४२ ची (आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण उत्तम. टेलिस्कोप असेल तर २५-३० पटींवर थांबावे, ६० पटींवर वारा फक्त थरथर दाखवतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नये, पाय आखूड ठेवून खाली सॅक लटकवावी. भिंगावर खारे तुषार बसतात. ते शर्टाच्या टोकाने पुसले की मिठाच्या कणांनी चरे पडलेच. आधी गोडे पाणी सोडावे, मग मऊ कापडाने टिपावे. (हे मात्र पाणी आत न जाणाऱ्या दुर्बिणीलाच.) रात्री सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवली नाही, तर कोकणच्या दमट हवेत बुरशी आलीच म्हणून समजा.

जांभ्याच्या कड्याची कड खालून लाटांनी पोखरलेली असते आणि ते वरून दिसत नाही. त्यात पावसाचे शेवाळ. कडेपासून दहा फूट मागेच बसावे. पुढे सरकून एकही पक्षी जास्त दिसत नाही.

पाहताना क्षितिज दुर्बिणीच्या वरच्या तिसऱ्या भागात ठेवून सावकाश एका बाजूने दुसरीकडे जावे. ताठ पंखांनी, ते न हलवता, लाटेला जवळजवळ घासत एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर कलणारा तो शिअरवॉटर, म्हणजे खोल समुद्रावरचा एक लांब पंखांचा पक्षी. सतत पंख मारणारा बहुधा टर्न. ब्रायडल्ड आणि सूटी टर्नमध्ये जाणतेही फसतात. कपाळावरचा पांढरा रंग डोळ्याच्या मागे भुवईसारखा गेला तर ब्रायडल्ड, डोळ्यापाशीच थांबला तर सूटी. सूटीची पाठ काळी कुळकुळीत, ब्रायडल्डची करडी-तपकिरी. काळपट अंगावर पांढरे ठिपके असतील तर ते सूटीचे पहिल्या वर्षाचे पिल्लू. नोंद दहा-दहा मिनिटांची करावी आणि उत्तरेला किती गेले, दक्षिणेला किती, हे वेगळे लिहावे. नुसते ‘खूप टर्न’ कोणाच्या उपयोगाचे नाही.

आता पुळणीवर सापडलेल्या पक्ष्याबद्दल. ‘समुद्राचा पक्षी समुद्रात’ म्हणून त्याला लाटेत सोडतात, तो दहा मिनिटांत परत फेकला जातो आणि बहुतेकदा मरतो. तो उपाशी असतो, पिसे भिजलेली असतात. त्याच्या चोचीत पाणी किंवा मासा कोंबू नये. हातमोजे घालून, अंगावर टॉवेल टाकून उचलावे आणि भोके पाडलेल्या खोक्यात, तळाला कोरडे कापड घालून, अंधारात ठेवावे. मास्क्ड बुबी (टोकदार चोचीचा मोठा समुद्रपक्षी) असेल तर तो डोळ्यांवर चोच मारतो, म्हणून तोंड लांब ठेवावे. पण चोचीला चिकटपट्टी किंवा रबर लावू नये. बुबीच्या नाकपुड्या बाहेरून बंद असतात, तो तोंडाने श्वास घेतो. चोच बांधली की गुदमरला.

वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. अशा बातमीच्या शेवटी आपण तो छापावा, आणि पक्षी कोणत्या तारखेला, कोणत्या पुळणीवर मिळाला, तेही. फोटोसाठी तो हातात धरून उभ्या राहिलेल्या पाच जणांची नावे नसली तरी चालतील.

आपले,
काही पक्षीनिरीक्षक, रत्नागिरी