रविवारी रात्री फोन का उचलला नाही

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी रात्री तुमचे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. सकाळी घाईत ‘काम होतं, नवी मशीन चालू होत नव्हती’ एवढंच बोलले. आईचा आवाज उतरलेला होता, ते दिवसभर मनात राहिलं. आणि बाबा, तुम्ही विचारलंत, ‘वायर तीच, स्विच तोच, मग जुनं मशीन चालतं आणि नवं का नाही?’ प्रश्न इतका नेमका होता की फोनवर दोन वाक्यांत उत्तर द्यावंसं वाटेना. म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे १६ नवे सर्व्हर आले आहेत. त्यांच्या डिस्क कोऱ्या असतात. प्रत्येकाला पेन ड्राइव्ह लावत बसण्यापेक्षा ते नेटवर्कवरून चालू करतात. मशीन जागं होतं तेव्हा त्याला स्वतःचा पत्तासुद्धा ठाऊक नसतो, म्हणून ते नेटवर्कभर हाक मारतं. डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारं मशीन, त्याला पत्ता देतो आणि कुठून कोणती फाइल घ्यायची ते सांगतो. ती फाइल टीएफटीपीने, म्हणजे फाइल पाठवायच्या एका साध्या पद्धतीने, येते आणि पुढचं सगळं इन्स्टॉलेशन तिच्यापासून सुरू होतं. या पद्धतीला पीएक्सई म्हणतात, तिचं २.१ हे स्पेसिफिकेशन १९९९ सालचं आहे.

पद्धत जुनीच राहिली, पण मशीनचं फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्याही आधी जागा होणारा प्रोग्राम, बदललं. जुन्यांत बायोस होतं, नव्यांत यूईएफआय आहे. बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. हाक मारतानाच मशीन आपला प्रकार एका आकड्यात सांगतं, त्या रकान्याला ऑप्शन ९३ म्हणतात. बायोसवालं ० सांगतं, ६४ बिटचं यूईएफआयवालं ७. आमचा डीएचसीपी तो आकडा बघतच नव्हता. येईल त्याला एकच फाइल देत होता, आणि ती बायोसची होती. यूईएफआयला ती वाचताच येत नाही.

पण स्क्रीनवर हे कुठेच येत नाही. फाइलचं नाव येतं, आकार येतो, मग ‘फाइल यशस्वीपणे डाउनलोड झाली’ अशा अर्थाची ओळ येते, आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा बूट मेनू. त्या एका ओळीपायी माझे दोन तास गेले. फाइल पोचली म्हणजे चालली असं मी धरून चालले आणि त्याच्या पुढची कॉन्फिगरेशन तपासत बसले. शेवटी टीसीपीडम्प, म्हणजे नेटवर्कवरचं बोलणं टिपणारा प्रोग्राम, लावून ६७, ६८ आणि ६९ या डीएचसीपी-टीएफटीपीच्या ठरलेल्या क्रमांकांवरचं बोलणं जसंच्या तसं वाचलं. मशीनच्या हाकेत ७ होता, आणि लगेच खालच्या उत्तरात जुन्या फाइलचं नाव. दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर दिसल्या तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आकड्यानुसार फाइल द्यायची सोय केली, तर सिक्युअर बूट, म्हणजे मान्य डिजिटल सही असलेलाच प्रोग्राम चालू देणारी फर्मवेअरची सोय, आडवं आलं. मी दिलेल्या नव्या फाइलवर मान्य सही नव्हती, म्हणून फर्मवेअरने ती चालवायला नकार दिला. सोबतचा सहकारी म्हणाला, सिक्युअर बूट बंद करून टाकू, पाच मिनिटांत सुटू. मला ते पटलं नाही. टीएफटीपीत देणाऱ्याची ओळख कुणीच तपासत नाही. समोरून जे येईल ते घ्यायचं. अशा वेळी सही तपासणं हाच एक पहारा उरतो, तो स्वतःच्या हाताने उठवायचा कसा? मग शिम नावाचा सही असलेला छोटा प्रोग्राम ठेवला. तो ग्रबची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणाऱ्या पुढच्या प्रोग्रामची, सही तपासतो आणि मगच त्याला चालू करतो. तरी गाडी अडलीच. लॉगमध्ये एक ओळ शिम दिल्याची, दुसरी ‘फाइल सापडली नाही’. शिम ग्रबची फाइल ठरलेल्या नावानेच मागतो आणि आम्ही ती वेगळ्या नावाने ठेवली होती. नाव बदललं आणि १५ सर्व्हर धडाधड उठले.

सोळावा मात्र उठेना. ‘पीएक्सई-ई१६’, म्हणजे कुणीच पत्ता देऊ केला नाही. डीएचसीपीच्या लॉगमध्ये त्याची एकही हाक नव्हती, पण स्विचवर, म्हणजे सगळ्या मशीनच्या नेटवर्क वायरी जिथे जोडतात त्या पेटीवर, त्याच्या पोर्टचा (वायर खुपसायच्या जागेचा) दिवा हिरवा. तो पोर्ट कुणीतरी आधीच दोन वायरींच्या जोडीत घालून ठेवला होता. अशा जोडीत आमचा स्विच समोरून एलएसीपीचे, म्हणजे वायरींची जोडी जुळवण्याचे, निरोप आल्याशिवाय पोर्ट खुला करत नाही, आणि सर्व्हरचं फर्मवेअर ते निरोप पाठवत नाही. ते काम ऑपरेटिंग सिस्टिम आल्यानंतरचं. म्हणजे हाक मशीनच्या तोंडातून निघत होती आणि दारातच अडत होती. पोर्ट जोडीतून सोडवला तेव्हा पहाटेचे साडेतीन झाले होते.

आई, तू विचारलंस की चूक कुणाची होती. डीएचसीपीची ती ओळ मीच लिहिली होती, सगळी मशीन बायोसची असतानाच्या काळात. तेव्हा ती बरोबर होती. आता ० ला जुनी फाइल जाते आणि ७ ला शिम. जुनी मशीन अजून कामावर आहेत, म्हणून त्यांची ओळ काढलेली नाही.

सर्व्हर रूममध्ये पंख्यांचा आवाज एवढा असतो की खिशातला फोन वाजलेला कळत नाही. यापुढे आत जाण्याआधी तुम्हाला मेसेज टाकेन आणि बाहेर आल्यावर दुसरा. पहिला आला की दोघंही निवांत झोपा, माझी वाट बघत जागू नका.

तुमची,
लेक