तोडकामाच्या हॅमरच्या हादऱ्यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : हॅमरची मूठ दुरुस्त करण्यास नकार आणि कंपनाविषयी दिलेली दिशाभूल करणारी माहिती

महोदय,

तुमचा तोडकामाचा हॅमर मी दीड वर्षापूर्वी घेतला. मशीन बंद पडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण तुमच्या सर्व्हिस सेंटरने "मशीन चालतंय ना? मग तक्रार कसली?" एवढं बोलून मला दोनदा परत पाठवलं आहे. तक्रार मुठीची आहे, आणि ती मूठ धरणाऱ्या हाताची.

बाजूच्या मुठीच्या बुडाशी हादरे खायला जे रबर असतं, ते सातव्या महिन्यात फाटलं. मशीन वॉरंटीत होतं. सेंटरने सांगितलं की रबर "झिजणारा भाग" आहे, वॉरंटीत बसत नाही. वर, तो भाग शिल्लक नाही म्हणून दुसरी साधी, आतून घट्ट मूठ लावून दिली. तेव्हा मला त्यातला फरक कळला नाही. मूठ म्हणजे मूठ, असं वाटलं. त्या दिवसापासून हादरे थेट मनगटापर्यंत यायला लागले.

आधी रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग यायची. मग एका थंड सकाळी डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडली, अगदी रेघ मारल्यासारखी. साधारण वीस मिनिटांनी ती निळसर झाली, नंतर लालबुंद, आणि ठणका सुरू झाला. आता शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो आणि जमिनीवर पडलेला खिळा चिमटीत येत नाही. डॉक्टरांनी बोटांपेक्षा कामाचीच चौकशी जास्त केली: कोणतं मशीन, दिवसाला किती तास, किती वर्षं. हादऱ्यांमुळे बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही दुखावल्या आहेत, असं त्यांचं निदान. मशीन लवकर सोडलं तर पांढरेपणा कमी होऊ शकतो, पण नसांचा बधिरपणा पूर्ण जाईलच असं नाही, म्हणाले. तंबाखूही सोडायला सांगितली, कारण तिने रक्तवाहिन्या आकसतात. तेवढा दोष माझा, तो तुमच्या माथी मारत नाही.

घरी येऊन माहितीपुस्तिका प्रथमच शेवटपर्यंत वाचली. खोक्यावर पुढेच मोठ्या अक्षरांत "कमी कंपन, दिवसभर आरामात काम" असं आहे. पुस्तिकेच्या शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, छिन्नीकामाचं कंपन 10 मीटर प्रति सेकंद वर्ग आणि अनिश्चितता 1.5 असं छापलं आहे. त्याचा अर्थ काय, याबद्दल एक ओळ नाही. तो मी शोधून काढला. युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशानुसार कंपनाची आठ तासांच्या दिवसाची सरासरी याच मापात 2.5 च्या वर गेली की मालकाने उपाय करायचे, आणि 5 च्या वर कामगाराला जाऊच द्यायचं नाही. 10 च्या मशीनवर पहिली पातळी अर्ध्या तासात गाठली जाते, दुसरी दोन तासांत. कंपन दुप्पट झालं की चालवण्याचा वेळ निम्मा नाही, चौथ्या हिश्श्यावर आणावा लागतो. मी रोज बटण दाबून चार तास चालवत होतो, तुमच्या "दिवसभर आरामात" वर विश्वास ठेवून. आणि हा आकडा चांगल्या रबराच्या, नव्या मशीनचा. फाटलेल्या रबराचा किंवा साध्या मुठीचा आकडा पुस्तिकेत कुठेच नाही.

मशीनसोबत "कंपनरोधक" म्हणून हातमोजेही विकले होते. हात उबदार राहतात, एवढा फायदा मान्य. पण हॅमरसारख्या जड, संथ ठोक्यांच्या मशीनचे हादरे असे मोजे फारसे अडवत नाहीत. ते विकताना कुणी हे बोललं नाही.

सेंटरमधल्या गृहस्थांनी "असा आजार पहिल्यांदाच ऐकतोय" असंही म्हटलं. 1918 साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात चुनखडीच्या खाणींत दाबाच्या हवेवर चालणाऱ्या हातोड्यांनी काम करणाऱ्यांची अशीच पांढरी बोटं डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी तपासली होती. सेंटरमधल्या माणसाला ठाऊक नसेल तर मी समजू शकतो. हॅमर बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक नाही, हे मात्र पटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की रबरासह मूळ मूठ विनामूल्य बसवून द्या आणि ते रबर वॉरंटीत धरा, कारण ते शोभेसाठी नाही. ते जमत नसेल तर मशीन परत घेऊन पैसे द्या. खोक्यावरचं "दिवसभर" काढून तिथे रोज किती मिनिटं चालवावं ते मोठ्या अक्षरांत छापा. माझ्या मदतनिसाच्याही बोटांना मुंग्या येऊ लागल्या आहेत. तो पुस्तिका वाचत नाही, खोकं पाहतो.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. तपासणीला माणूस पाठवणार असाल तर सकाळी लवकर पाठवा. दुपारी माझी बोटं चारचौघांसारखी दिसतात, आणि मग पुन्हा "दोष आढळला नाही" असा शेरा पडेल.

आपला,
एक ग्राहक

सोबत : खरेदीचं बिल, डॉक्टरांच्या अहवालाची प्रत, फाटलेल्या रबराचे फोटो