हान ले, हे आभार दोघींचे आहेत

प्रिय हान ले,

सप्रेम नमस्कार.

तू मला ओळखत नाहीस. मी तुला ओळखते ते २०२१ मध्ये सौंदर्यस्पर्धेच्या मंचावरून तू तुझ्या देशासाठी, म्यानमारसाठी, केलेल्या भाषणामुळे. मी रत्नागिरीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं म्यानमारमध्ये, यांगूनला राहिले आणि कोरोनाच्या थोडं आधी घरी परतले. हे पत्र माझ्या एकटीचं नाही. तिथे आमच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजारणीने ते लिहायला सांगितलंय. स्वतःच्या नावाने तुला जाहीर पत्र लिहिणं तिला आजही परवडणारं नाही. म्हणून दोघींच्या वतीने मी लिहितेय, आणि माझ्या मराठीतच लिहितेय.

१ फेब्रुवारी २०२१ ला तुमच्या देशात लष्कराने सत्ता बळकावली. तीनच महिन्यांपूर्वी लोकांनी रांगा लावून मतदान केलं होतं, तेही असं भरभरून की निकालाबद्दल शंकेला जागा नव्हती. सुरुवातीला शेजारीण रोज व्हिडिओ कॉल करायची. रात्री आठ वाजले की ती फोन खिडकीशी धरायची आणि अख्खी गल्ली पातेली, झाकण्या बडवताना ऐकू यायची. वाईट शक्ती घरातून हाकलायची त्यांची ही जुनी रीत. एकदा तिने रस्त्यावर आडव्या बांधलेल्या दोरीवर वाळत घातल्यासारखी टांगलेली बायकांची थमीं, म्हणजे लुंग्या, दाखवली. बाईच्या लुंगीखालून गेलं की पुरुषाचं तेज जातं अशी समजूत. त्यामुळे सैनिक आधी त्या काढत बसायचे आणि तेवढ्यात पोरांना पळायला वेळ मिळायचा.

मार्चच्या मध्यावर मोबाइल इंटरनेट बंद झालं. साध्या फोनवर ती फक्त "बरी आहे" म्हणायची. कोण ऐकत असेल याची भीती. मी इथे जीव मुठीत धरून बसायचे आणि कोणाला काही सांगायला गेले तर लोकांना पुढे ऐकण्यात रस नसायचा. त्यांना दोष देत नाही. इथे कोरोनाची दुसरी लाट अंगावर येत होती, ज्याला त्याला घरचं पडलं होतं.

मग २७ मार्च उजाडला. तुमचा लष्कर दिन. राजधानी नेपिडोमध्ये संचलन चालू होतं आणि देशभर रस्त्यांवर गोळ्या झाडल्या जात होत्या. त्या एका दिवसात शंभराहून जास्त माणसं मारली गेली, त्यात लहान मुलंही होती. आणि त्याच रात्री बँकॉकला मिस ग्रँड इंटरनॅशनल या सौंदर्यस्पर्धेची अंतिम फेरी होती. तू म्यानमारची स्पर्धक, वय बावीस, यांगून विद्यापीठात मानसशास्त्र शिकणारी.

तुझं ते भाषण मी किती वेळा पाहिलं असेल! या स्पर्धेचं घोषवाक्यच युद्ध आणि हिंसाचार थांबवा असं आहे. अशा घोषणा मंचावर झळकतात आणि कार्यक्रम संपला की विरून जातात. तू मात्र तिचा शब्दशः अर्थ घेतलास. मी इथे उभी आहे आणि आज माझ्या देशात शंभरावर लोक मेलेत, हे तू सरळ सांगितलंस. आवाज कापत होता, डोळ्यांत पाणी होतं, पण एकही वाक्य अर्धवट सोडलं नाहीस. गोलमोल काही नाही. आम्हाला मदत करा, आत्ता करा, एवढं स्पष्ट मागणं.

त्याचा उपयोग काय झाला, हे तुला कदाचित कुणी इतक्या जवळून सांगितलं नसेल, म्हणून सांगते. माझ्या भिशीच्या बायकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला आणि ज्यांनी आजवर विषय बदलला होता त्यांचेच मला फोन यायला लागले. "अगं, तुझी ती मैत्रीण कशी आहे?" इतक्या आठवड्यांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. आणि यांगूनमध्ये माझ्या शेजारणीने ज्यांच्याकडे वायफाय चालू होतं त्यांच्या घरी जाऊन तुला पाहिलं. खोलीत माणसं दाटीने बसली होती म्हणे. दुसऱ्या दिवशी तिने फोन केला आणि पहिल्यांदाच "बरी आहे"च्या पुढे बोलली: "आमचं बाहेर पोचलं."

त्या भाषणानंतर तुला घरी परतता आलं नाही. तू थायलंडमध्येच राहिलीस. सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिएतनामहून परतताना बँकॉकच्या विमानतळावर तुला आत घेतलं नाही, कारण तुझा पासपोर्टच बाद ठरवला गेला होता. काही दिवस तू तिथेच अडकून होतीस आणि त्या दिवसांत आम्ही दोघी सारख्या बातम्या चाळत होतो. परत पाठवलं असतं तर काय झालं असतं हे शेजारणीला पक्कं ठाऊक होतं. शेवटी कॅनडाने आसरा दिला आणि तू सुखरूप पोचलीस, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

आमच्या रत्नागिरीला ब्रह्मदेशातून परागंदा झालेलं माणूस नवं नाही. तुमच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा अजून उभा आहे. तीस वर्षं काढून १९१६ मध्ये तो इथेच गेला, त्याची राजधानी मंडाले काही त्याला पुन्हा दिसली नाही. लहानपणापासून त्या वाड्यावरून येजा केली, पण घर सुटणं म्हणजे काय ते तुझ्यामुळे जास्त कळलं. राजाला विचारणारं कोणी नव्हतं. तुला मात्र त्या रात्री गप्प राहून, हसून, हात हलवून घरी जाता आलं असतं.

शेजारणीचा मुलगा तेव्हा शाळेत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू झाला आणि तिने त्याला सीमेपलीकडे, थायलंडमधल्या मे सोटला धाडलं. ज्या सैन्याने गल्लीत गोळ्या झाडल्या त्याच सैन्यात पोटचं पोर द्यायचं, हे तिला शक्यच नव्हतं. तो तिथे मिळेल ते काम करतो, कागदपत्रांची बोंब आहे, पण जिवंत आहे. हे तुला मुद्दाम कळवायला तिने सांगितलंय. तुझा व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये अजून आहे, हेही.

त्या रात्रीबद्दल, आणि त्यानंतरही तू बोलायचं थांबली नाहीस त्याबद्दल, आम्हा दोघींकडून मनापासून आभार. उत्तर पाठवायची घाई नको. थंडीत जप, वेळेवर जेव, आणि मानसशास्त्राचा अभ्यास अर्धा राहिला असेल तर तो तेवढा पूर्ण कर.

तुझी,
रत्नागिरीची एक मावशी